बत्तिसावा दाणा

आलेखात ठिपके काढायला रंगीत पेनं पुरत नाहीत, म्हणून मी मुलांना मूग आणायला सांगितले. शुक्रवारी आमच्याकडे घरोघरी मुगाचंच कालवण होतं, त्यामुळे मूठभर मूग कुणालाच जड नव्हते. जाड पिवळसर मनिला पेपर भिंतीवर लावला, भाताची खळ केली. एक दाणा म्हणजे एक मूल.

प्रश्न मुलांनीच ठरवला. घरातलं जे माणूस बोटीवर किंवा परदेशी आहे, ते शेवटचं घरी आलं त्याला किती महिने झाले? समुद्राकाठच्या आमच्या मियागावमध्ये हा प्रश्न कुणाला परका नाही. कुणाचे वडील तेलाच्या जहाजावर, कुणाची मावशी हाँगकाँगला दुसऱ्यांची मुलं सांभाळते. एकतीस मुलं, एकतीस आकडे.

खाली आडवी रेघ, तिच्यावर एकेका बोटाच्या अंतराने शून्यापासून अठ्ठेचाळीसपर्यंत महिने. मुलं येत गेली, दाण्यावर दाणा चढत गेला. सातव्या-आठव्या महिन्याशी चांगला ढीग झाला. बोटीवरचा करार साधारण नऊ महिन्यांचा, त्याचा तो ढीग. पुढे दाणे विरळ झाले आणि एकोणतिसानंतर काहीच नाही. पार उजवीकडे सत्तेचाळीसवर एकच दाणा, क्लारिबेलचा. तिची आई कुवेतला.

"मॅडम, एवढी जागा वाया कशाला घालवायची?" रेनान्ते म्हणाला. "क्लारिबेलच्या आईला जरा अलीकडे सरकवू. तिकिटाचा खर्चही वाचेल."

वर्ग हसला. क्लारिबेलही हसली, पण सगळ्यांच्या मागून.

मी सांगितलं, की रिकामे महिनेसुद्धा काढायचेच. कुणी नाही तिथे कुणी नाही, हेही दिसलं पाहिजे. अंतर सगळीकडे सारखं ठेवायचं आणि कुणाचा दाणा आपल्या मर्जीने हलवायचा नाही. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

संध्याकाळी वर्ग झाडून पोरं गेली. मी एकटी मागे राहिले. मी रोज तपकिरी झगा घालते, कमरेला दोरी बांधते. आमच्या चर्चमधल्या कार्मेलच्या मातेला बोललेला नवस आहे तो. पहाटे देवळात मेणबत्ती, संध्याकाळी जपमाळ, रात्री भात नाही. मुलांना वाटतं, मला जोगीण व्हायचं होतं आणि मठाने ठेवून घेतलं नाही. रेनान्तेच्या मते मी तिथेही सगळ्यांना गणितं घातली असणार. मी कधी खुलासा केला नाही. नवस कशासाठी, हे मी माझ्या बहिणीलाही सांगितलेलं नाही.

वाटीत थोडे मूग उरले होते. जपमाळेचा मणी सरकावा तसा एक दाणा बोटांत आला, आणि मी तो कागदाच्या उजव्या काठाला, अठ्ठेचाळीसच्या पलीकडे चिकटवला. तिथे आकडा नव्हता. मग दार लावून घरी गेले.

सोमवारी दाण्यांवरून सारणी करायची होती. सहा-सहा महिन्यांचे गट, प्रत्येक दाण्याला एक उभी रेघ, पाचवी रेघ चार रेघांवरून आडवी. खडू क्लारिबेलच्या हातात होता. तिने खाली बेरीज केली आणि थांबली. बत्तीस. मुलं मोजून वर लिहिली, एकतीस. दाणे मोजले, बत्तीस.

कुणीतरी लबाडी केली, असा गलका झाला. जास्तीचा दाणा काठावर, क्लारिबेलच्या दाण्याजवळच होता. रेनान्ते म्हणाला, हिनेच लावला असणार, आई एकटी पडली म्हणून तिला सोबत. तिने नकारार्थी मान हलवली. दुसऱ्यांदा "मी नाही" म्हणाली तेव्हा तिचा आवाज आत गेला होता. रेनान्ते पट्टी घेऊन दाणा खरवडायला निघाला.

मी गप्प राहिले असते तर दाणा निघाला असता, बेरीज जुळली असती, आणि त्या मुलीच्या नावावर एक खोटं कायमचं राहिलं असतं.

"राहू दे, रेनान्ते," मी म्हटलं. "तो माझा आहे. माझे यजमान बोटीवर होते. मेल्चोर."

कंपनीचं पत्र आलं होतं, एका बंदरात उतरले ते परत चढले नाहीत म्हणून. ते मी मुलांना सांगितलं नाही. क्लारिबेलने माझ्या कमरेच्या दोरीकडे पाहिलं, मग कागदाकडे.

"पण मॅडम," ती हळूच म्हणाली, "हा चुकीच्या जागी लागलाय. इथे आकडाच नाही. किती महिने झाले?"

इतकी वर्षं गणित शिकवते, पण हा महिन्यांचा हिशेब मी कधी केला नव्हता. माझं सगळं रोज आजच्यापुरतं असायचं, आजची मेणबत्ती, आजची माळ. मी म्हटलं, एकोणीस वर्षं आणि वर चार महिने. तिने फळ्यावर गुणाकार केला. दोनशे बत्तीस.

आणखी चार मनिला पेपर लागले. रेनान्ते न सांगता बाकावर चढला. क्लारिबेल एकोणपन्नासपासून आकडे लिहू लागली आणि वर्ग तिच्याबरोबर मोजू लागला. मधले महिने सोडून एकदम शेवटी जा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण नियम मीच घातला होता. रेघ मातेच्या तसबिरीखालून गेली, खिडकीखालून गेली. एकशे वीसवर रेनान्तेने विचारलं, "मॅडम, बसता का जरा? दहाच वर्षं झालीत अजून." मी बसले नाही.

दाराच्या चौकटीजवळ दोनशे बत्तीस आलं. क्लारिबेलने काठावरचा दाणा नखाने अलगद सोडवला, तिथे नेऊन लावला. फळ्यावरचे एकतीस पुसून बत्तीस केले. मग मागे सरून सगळी भिंत पाहिली.

"माझी आई आता गर्दीतच दिसते," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पुढच्या महिन्यात सगळे दाणे एकेक घर सरकवावे लागतील, मॅडम."

"जे घरी येतील त्यांचे नाही," मी म्हटलं. "त्यांचा दाणा उचलून शून्यावर ठेवायचा."

शून्य तिकडे फळ्याजवळ होतं. दारापासून तिथपर्यंत मी एकेक रिकामा महिना नजरेने चालत गेले. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली.