हिरव्या दोऱ्याची शिवण

मित्रांनो, मी एक जुने पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, आहे आणि माझ्या पाठीत दोन शिवणी आहेत. एक पांढऱ्या दोऱ्याची, छापखान्यातली. दुसरी हिरव्या दोऱ्याची, निर्वासितांच्या छावणीतली. पांढरी शिवण मोडली तेव्हा मी एका भल्या माणसाला जवळजवळ फसवले. मला बोलता येत नव्हते, एवढाच माझा बचाव.

माझा जन्म मुंबईत झाला. पातळ कागद, बारीक टाइप, काळे कापडी पुठ्ठे. मिशनच्या एका बाईंनी मला नगरकडच्या खेड्यात नेले आणि सखूबाई भिंगारदिवे यांच्या हाती दिले. सखूबाईंना अक्षर येत नव्हते. तरी दर रविवारी मला स्वच्छ फडक्यात गुंडाळून त्या उपासनेला नेत आणि कोणाकडून तरी वाचून घेत. त्यांची आवडती गोष्ट एकच. एका आईने आपला मुलगा मंदिराला वाहिला. दर वर्षी ती त्याला एक लहानसा झगा शिवून नेई. एके रात्री देवाने त्या मुलाला नावाने हाक मारली, आणि म्हातारा याजकच बोलावतो आहे असे समजून तो तीनदा उठून त्याच्याकडे धावला.

ते पान आपल्याला ओळखता यावे म्हणून सखूबाईंनी तिथे आपल्या मुलाचे, शांतवनचे, तांबडे टोपडे घडी करून ठेवले. शांतवन तेव्हा मिशनच्या बोर्डिंगात शिकत होता. त्याला याचा पत्ताच नव्हता. कित्येक वर्षे ते टोपडे माझ्या पोटात राहिले आणि त्याच्या जाडीने माझी पाठ नेमकी त्या पानाशी उलली.

पुढे सखूबाई गेल्या. शांतवनराव मला घेऊन अंबरनाथला आले आणि काडेपेटीच्या कारखान्यात, काड्यांना गुल लावायच्या खात्यात लागले. कामावरून आले की ते राखेने कोपरापर्यंत हात धूत आणि मगच मला उचलत. तरी नखांच्या कडांना गुलाचा लालसर रंग राहायचाच. त्यांची मुलगी जन्मली तेव्हा बकुळाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, माझ्यात ते टोपडे सापडले. त्यांनी ते लेकीच्या डोक्यावर बांधले. पोरीने ते वापरून वापरून फाडले, आणि सारे ते विसरले.

मी मात्र विसरले नव्हते. पाठीचे दुखणे कोण विसरते?

एकोणीसशे पन्नास सालच्या आरंभी शांतवनरावांना एका विचाराने घेरले. जेवणाच्या सुट्टीत ते कामगारांना माझ्यातले वाचून दाखवत. लोक ऐकत, प्रश्न विचारत. हेच आपले काम, असे त्यांना वाटू लागले. कारखाना सोडावा, देशावर पाळकांच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशकांच्या, विद्यालयात तीन वर्षे शिकावे. पण हे पाचारण देवाचे की आपल्याच मनाचे? आमच्या मंडळीत वचन काढायची एक चाल आहे. डोळे मिटून प्रार्थना करायची, शास्त्र तळहातांवर आपोआप उघडू द्यायचे आणि बोट ठेवायचे. एरवी धडा धडा ओळीने वाचणाऱ्या या माणसाने त्या दिवसांत वचन काढायला सुरुवात केली.

मी उघडले ते अर्थातच त्या मुलाच्या हाकेपाशी. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.

"बकुळा, आजही तेच पान," एका सकाळी ते म्हणाले.

"चहा निवतोय."

"चाळिसावा दिवस आहे हा. ऐकलंस का?"

"ऐकलं. नोकरी सुटली की कारखान्याची खोली जाते, तेही ऐकलंय. देवाला म्हणावं, खोलीचंही एखादं पान उघड."

ते हसले. त्या हसल्या नाहीत.

शांतवनरावांनी मंडळीच्या कमिटीकडे अर्ज केला आणि त्यात चाळीस दिवसांची ती खूण लिहिली. रविवारी त्यांना कमिटीपुढे उभे राहायचे होते. सोमवारी दुपारी बकुळाबाईंनी दाराला कडी घातली आणि मला मांडीवर घेतले. मिटले, सोडले. मिटले, सोडले. दहाही वेळा तेच पान. मग त्यांनी ते पान उजेडाकडे धरले. कागदावर कापडाच्या विणीची फिकट तांबडी खूण होती. ते टोपडे त्यांना आठवले.

सांगितले असते तर शांतवनराव कारखान्यातच राहिले असते, आणि जन्मभर बायकोकडे पाहून गप्प बसले असते. न सांगावे, तर एका टोपड्याच्या भरवशावर सगळे घर उठणार होते. मी त्या मांडीवर पडून होते आणि मला एक शब्दही उच्चारता येत नव्हता.

त्या संध्याकाळी त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, शास्त्राचा पुठ्ठा सुटलाय. कमिटीपुढं असं नेणार का? मी बांधून आणते."

शहाडजवळच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळून वर्षही झाले नव्हते. लोक कॅम्पच म्हणत. लष्कराच्या जुन्या बराकींत गोणपाटाचे पडदे टांगून सिंधी कुटुंबे राहत होती. एका पडद्याआड टेकचंद नावाचा बांधणीवाला बसे. फाळणीआधी सिंधमधल्या शिकारपूरला त्याचे दुकान होते. इथे एक सुई, एक दाभण आणि खळीचा डबा. त्याने माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि लगेच थांबला.

"बाई, इधर कुछ रखा था. कपड़ा."

"टोपडं होतं. माझ्या सासूबाईंनी ठेवलेलं."

"तभी. पीठ यहीं टूटी है. किताब को छोड़ो तो यहीं खुलेगी. और कहाँ जाएगी बेचारी?"

"शिवून द्या. घट्ट."

"घट्ट देता. पण मग हे पान अपने आप नहीं खुलेगा. चालेल?"

बकुळाबाईंनी पदर तोंडाशी धरला. "चालेल," अखेर त्या म्हणाल्या. "खरं काय ते कळू दे एकदाचं."

पांढरा दोरा त्याच्याकडे नव्हता. हिरव्याने त्याने माझा एकेक फर्मा, म्हणजे पानांची जुडी, शिवला. मला बरे वाटत होते, आणि भीतीही वाटत होती. शनिवारपर्यंत खळ वाळेना. म्हणून त्याने निरोप पाठवला: रविवारी सकाळी मीच पोचवतो.

रविवारी अंबरनाथच्या लहानशा प्रार्थनामंदिरात उपासना संपली तरी कोणी उठले नाही. पाळकसाहेब आणि कमिटीचे चार वडील टेबलाशी बसले. शांतवनराव रिकाम्या हातांनी उभे होते. इतक्यात टेकचंद पायऱ्यांवर चपला काढून आत आला, मला त्यांच्या हाती दिले आणि दाराजवळच्या बाकावर बसला.

कमिटीतले आढाव मास्तर अर्ज वाचत होते. "भिंगारदिवे, चाळीस दिवस एकच पान, असं लिहिलंय तुम्ही. मग एकचाळिसावा आमच्यासमोर होऊ द्या की. आम्हालाही डोळे आहेत."

शांतवनरावांनी डोळे मिटले. त्यांच्या तळव्यांना घाम सुटला होता. तो माझ्या नव्या पुठ्ठ्यात उतरत होता. मित्रांनो, त्या क्षणी जुन्या जागी उघडावे म्हणून मी जीव तोडून धडपडले. पण शिवण घट्ट होती.

मी भलतीकडेच उघडले. मास्तर वाकून वाचू लागले. "अमक्याचे वंशज इतके. तमक्या गावचे इतके. वा! देव तुम्हाला शिरगणतीला बोलावतोय वाटतं!"

बाकांवर हसू फुटले. शांतवनरावांचा चेहरा राखेसारखा झाला.

"पुन्हा काढा," मास्तर म्हणाले. "तीनदा संधी देऊ."

तेवढ्यात बायकांच्या बाजूला बकुळाबाई उभ्या राहिल्या. "पुन्हा काढू नका. त्या पानात सासूबाईंनी ह्यांचं टोपडं ठेवलेलं होतं. तिथं पाठ मोडली होती, म्हणून उघडायचं. मला सोमवारपासून ठाऊक आहे. शिवायला मीच दिलं." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही हो."

शांतवनरावांनी बकुळाबाईंकडे पाहिले. मग त्यांनी अंगठ्याने माझी पाठ चाचपली. हिरवा दोरा त्यांना लागला.

"खूण माझी चुकली," ते म्हणाले.

पाळकसाहेबांनी विचारले, "मग आता कशाच्या आधारावर उभे आहात?"

"आधार नाही, साहेब. शास्त्र उघडलंय, तर वाचतो."

आणि ते वाचू लागले. परमुलखात नेलेली माणसे आपल्या देशाकडे परत निघाली, तेव्हाची ती यादी. नुसती नावे, गावे आणि आकडे. एरवी सगळे हे पान उलटून पुढे जातात. शांतवनरावांनी एकही नाव गाळले नाही. प्रत्येक नाव दारात उभ्या असलेल्या माणसाला आत घ्यावे तसे ते घेत होते. मग ते अशा लोकांपाशी आले, ज्यांना आपल्या बापाचे घराणे कागदोपत्री दाखवता आले नाही. वह्या शोधल्या, पण त्यांची नावे सापडली नाहीत.

दाराजवळून आवाज आला. "साईं."

सगळ्यांनी वळून पाहिले. टेकचंद उभा राहिला होता.

"साईं, वो फिर से पढ़ो. जिनका कागज नहीं मिला."

शांतवनरावांनी ते पुन्हा वाचले, सावकाश. टेकचंद उभ्यानेच ऐकत होता आणि त्याची बोटे धोतराच्या सोग्याला घट्ट धरून होती. आढाव मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

पाळकसाहेबांनी अर्ज पुढे ओढला. "यातली खूण खोडा," ते म्हणाले. "बाकीचा अर्ज राहू द्या."

सखूबाईंच्या गोष्टीतल्या त्या मुलालाही देवाची हाक आधी माणसाचीच वाटली होती, नाही का?

जूनमध्ये कारखान्याची खोली सुटली. बकुळाबाईंनी स्वतःच्या हाताने भांडी बांधली. तीन वर्षांनी शांतवनराव पाळक होऊन बदलापूरकडे आले. मांजर्लीपासून बारवी नदीकाठच्या वाड्यांपर्यंत ते मला काखेत घेऊन चालले. पुन्हा कधी त्यांनी वचन काढले नाही. ओळीने वाचत. मात्र नव्या घरात गेले, की ज्यांचा कागद मिळाला नाही त्या माणसांपासून सुरुवात करत.

अठ्ठावन्नच्या श्रावणात ते तापाने गेले. त्यांच्या मुलीने मला कापूर घालून, दुहेरी फडक्यात बांधून पेटीत ठेवले. तिची माया मला कळत होती. पण आठ महिने अंधारात पडून माझी पाने एकमेकांना चिकटू लागली.

एका दुपारी तिने पेटी उघडली. मला मांडीवर घेतले आणि हात सोडले. मी उघडले ते त्या यादीपाशी. कडेला गुलाची लालसर छटा होती, बोटाच्या आकाराची.

हा चमत्कार नाही, हे तिला ठाऊक होते. पान कोणी मोडले ते तिला माहीत होते. तिने त्या डागावर आपले बोट ठेवले आणि पहिल्या नावापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे माझ्यासारखे पुस्तक असेल. त्याला फडक्यात कोंडू नका, आणि कौल लावायलाही घेऊ नका. ते कुठे आपोआप उघडते ते पाहा, तिथे कोणाचा हात होता ते घरच्यांना विचारा. आणि मग तिथून पुढे वाचा.