बिडकीन रस्त्यावरचा वाकलेला खांब

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी विजेचा खांब आहे. बिडकीनच्या अलीकडे, रुंद रस्त्याच्या कडेला, कमरेत वाकून उभा आहे. मला बघून तुम्हाला वाईट वाटेल. वाटून घेऊ नका. मला राग येतो, आणि तोच आज सांगायचा आहे.

मला इथे रोवलं तेव्हा रस्ता नव्हता. शेतं होती, विहिरी होत्या, गावच्या मेंढपाळ कडूबाच्या मेंढ्या चरत होत्या. माझ्या तारांवर पंप चालायचे आणि लोक माझं कौतुक करायचे. मग पावसानं सलग दडी मारली. विहिरी आटल्या, पंप गप्प झाले, कडूबानं मेंढ्या विकल्या. शहर वाढत इथवर आलं. रस्ता झाला आणि भरलेले टँकर धावू लागले. ते नव्या बांधकामांसाठी होते. गावच्या बाया रिकामे हंडे घेऊन माझ्या पायाशी बसायच्या आणि टँकरमधून सांडत जाणारं पाणी बघायच्या. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे.

कडूबाची लेक अक्षदा. तिला वनरक्षक व्हायचं होतं आणि भरतीत लांब पल्ला धावावा लागणार होता. पहिल्याच पहाटे ती जीव खाऊन पळाली आणि मला धरून ओकली. तिचा भाऊ हनुमान हसला, "तुझ्यानं व्हायचं नाय, अक्षे."

तिची मैत्रीण रूपा कॉलेजात धावायची. ती म्हणाली, "अगं, सुसाट पळू नको. एका खांबापर्यंत पळ, पुढच्या खांबापर्यंत चाल. मंग परत पळ. बोलता येईल इतक्याच जोरानं."

"मधीच चालले तर लोक हसतील की."

"हसू दे. परत पळता यावं म्हणून चालतीस तू."

तसं दोघींचं पळणं सुरू झालं. हळूहळू अक्षदा दोन खांब पळायची, एक चालायची. पुढे तीन. माझ्यापाशी येईपर्यंत तिचा श्वास जागेवर असायचा. मी मनातून खूश होतो.

पण गावचाच अजिनाथ टँकर चालवायचा. पोरी दिसल्या की कर्कश हॉर्न वाजवत तो गाडी कडेला घालायचा. त्या उडी मारून बाजूला झाल्या की खो खो हसायचा. एका सकाळी गाडी त्याला आवरली नाही. अक्षदा रस्त्याकडेच्या चारीत, खोल चरात पडली, तिचा पाय मुरगळला. टँकर माझ्यावर आदळला.

माणसं जमली. टँकरचा ठेकेदार आला. त्यानं टँकरचा फुटलेला दिवा पाहिला, माझी कंबर पाहिली आणि म्हणाला, "पोरी रस्त्यात पळतात म्हणून झालं हे. परत इथं दिसायचं नाय." अक्षदाच्या पायाचं कुणी विचारलंसुद्धा नाही! मी सगळं पाहिलं होतं. पण खांबाची साक्ष कोण घेतो?

"बास झालं आता," कडूबा लेकीला म्हणाला. तिची आई बानाबाई मात्र रोज लेकीचा पाय शेकत राहिली. पाय बरा झाला, तशी ती मेंढरांमागची काठी घेऊन लेकीबरोबर आली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

टँकर आला. अजिनाथ ओरडला, "काकू, बाजूला व्हा! मरायचंय का?"

बानाबाईनं बॉनेटवर काठी हाणली. "अज्या, माझी मेंढरं इथनं जायची तवा तुझा बाप बैलगाडी थांबवायचा. मेंढरासाठी थांबत व्हता ना त्यो? मंग माझी लेक पल्याड जाईस्तोवर चाक हालवायचं नाय!"

मागे गाड्यांची रांग लागली. अक्षदा पळाली. मधे तिला चालावं लागलं, तेव्हा ती चाललीसुद्धा. बानाबाई तेवढा वेळ जागची हलली नाही. अजिनाथची मान वर झाली नाही.

ती काठी रोज येत राहिली. एक दिवस अक्षदा न थांबता सगळे खांब मागे टाकून गेली. आता ती कन्नडच्या घाटाकडे वनरक्षक आहे.

मला सरळ करायला अजून कुणी फिरकलेलं नाही. ते राहू द्या. पण मित्रांनो, पहाटे रस्त्याच्या कडेनं कुणी धापा टाकत पळताना, मधेच चालताना दिसलं, तर हॉर्न वाजवू नका. गाडी हळू करा. माणुसकीनं करा, नाहीतर भीतीनं करा. बानाबाई अजून गावातच आहे.