उसवलेलं खुराडं

आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी बोट दाखवायला नको. कोंबड्या माझ्या होत्या, खुराडं आमच्या ह्यांचं होतं आणि खाज सुटली होती आमच्या मुलाला. सगळं भांडण त्यातूनच उभं राहिलं.

चार कोंबड्या. तांबडी, काळी, नवरी आणि मास्तरीण. मास्तरीण सगळ्यांत थोराड. बाकीच्या तिघी दाण्यांवर तुटून पडल्या की ही एकेकीच्या डोक्यात चोच मारून त्यांना वठणीवर आणायची. मी चाळीस वर्षं मशीनवर लोकांचे कपडे शिवले. गुडघ्यांनी दगा दिला, पायडल मारवेना, म्हणून मशीनवर चादर टाकली, आणि घर मला खायला उठलं. तेव्हा ह्या चौघी आणल्या. माझा जीव आहे त्यांच्यात, उगाच कशाला लपवू.

खुराडं ह्यांनी बांधलं. हे सुतार. उजवा हात थरथरायला लागल्यावर बाहेरची कामं बंद केली आणि शेवटचं काम म्हणून तीन महिने खपून हे खुराडं केलं. त्यात एक खिळा नाही. प्रत्येक सांधा खाचेत बसवलेला, वरून पाचर ठोकलेली, आणि कोंबड्यांना ऊब मिळावी म्हणून भिंती दुहेरी फळीच्या. माणसं स्वतःसाठी अशी घरं बांधत नाहीत. पाणीपट्टीचं बिल द्यायला आलेल्या माणसालाही हाताला धरून मागच्या दारी नेऊन दाखवायचे.

आमच्या घरात एक नियम आहे. माझ्या शिवणीबद्दल ह्यांनी बोलायचं नाही आणि ह्यांच्या सांध्यांबद्दल मी बोलायचं नाही. बाकी सगळ्यावर आम्ही मनसोक्त भांडतो. चौतीस वर्षं हा नियम दोघांनीही पाळला, आणि त्या नियमापायी माझ्या कोंबड्या मरायला टेकल्या.

सुरुवात अंड्यांपासून झाली. चारची तीन, तीनची एक, मग तेही बंद. तुरे फिके पडले. खाद्यवाल्याने ऐकून घेतलं आणि उवा आहेत म्हणून पावडरीचा डबा हातात ठेवला. उवांचं मला कौतुक नाही, मुलाच्या शाळेच्या दिवसांत मी त्या ढिगाने मारल्यात. एकेकीला मांडीवर उताणी घेऊन पंखांखाली, शेपटीखाली पिसं बाजूला करून पावडर चोळली. खरं सांगायचं तर उवा फार सापडल्याच नाहीत, तरी मी आपली दर चार दिवसांनी चोळत राहिले. संध्याकाळ झाली की चौघीही खुराड्यात जायला नकार द्यायच्या. नवरी तर धुण्याच्या दगडावर जाऊन बसायची. मी तिला शिव्या घालत उचलायची, आत ढकलायची आणि कडी लावायची. ते आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

खुराडं ज्या भिंतीला लागून होतं, तिच्यावरच मुलाच्या खोलीची खिडकी. तीन आठवडे त्याच्या मानेवर, दंडांवर लाल पुरळ. तो छापखान्यात कामाला. पहाटे चारलाच खाजवत उठायचा आणि तारवटलेल्या डोळ्यांनी कामावर जायचा. सुनेने चादरी उकळून काढल्या, गादी उन्हात टाकली, डॉक्टरांचं मलम झालं. शेवटी एका बुधवारी त्याला उशीवर टाचणीच्या डोक्याएवढा किडा चालताना दिसला. चिरडला तर रक्त निघालं. मग काय, तळपायाची आग मस्तकात. त्याने उभ्याउभ्याच बाजारातल्या कोंबडीवाल्याला फोन लावला.

"आई, रविवारी सकाळी आठला तो येईल आणि चारही घेऊन जाईल. आता ह्यावर चर्चा नाही."

मी चर्चा केलीच. पोटचा असला तरी काय झालं, त्याला चार शब्द सुनावले. त्यानेही मला सुनावले. शेवटी तोंड माझंच घेतलंय त्याने. सून मधे उभी राहून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. बिचारी चार वर्षांत मला विचारल्याशिवाय पडदासुद्धा बदलत नाही, ती काय बोलणार.

त्याच सकाळी मास्तरीण खुराड्याच्या तळाशी पडलेली सापडली. मान टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले. टॉवेलमधे गुंडाळून तिला तशीच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्यांनी तिची चोच उघडून आत बघितलं, पापणी उलटी केली. आत कागदासारखं पांढरं. पिसं उलटीपालटी करून पाहिली, तर अंगावर काही नाही.

"हिच्या अंगात रक्तच उरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पिणारे आहेत, पण ते हिच्या अंगावर राहत नाहीत. रात्री येतात, पितात आणि परत जातात. दिवसा कुठे लपतात ते तुम्हाला शोधावं लागेल. नाहीतर रविवारपर्यंत ही काही टिकत नाही, आणि हिच्यामागून बाकीच्याही."

ताकदीचे थेंब दिले, फवारायचं औषध दिलं आणि बजावलं की फवारा एकदा मारून भागणार नाही, किड्यांची अंडी मागाहून फुटतात, सात दिवसांनी परत मारा. मी मास्तरणीला छातीशी धरून घरी निघाले. डोक्यात एकच, कुठे लपतात, कुठे लपतात. आणि कोपऱ्यावर वळताना माझे पाय थांबले.

जुने कपडे अल्टरला आले की मी आधी काय करायची? उलटे करून शिवण बघायची. ढेकूण असो, ऊ असो, कापडाच्या मधोमध कधी बसत नाही. दुमडीत बसते, शिवणीत बसते, जिथे दोन थर एकमेकांवर येतात तिथे. हे मी शिवण शिकायला येणाऱ्या पोरींना शिकवलंय, गिऱ्हाइकांना ऐकवलंय, आणि महिनाभर मी कोंबडीच्या अंगावर पावडर चोळत बसले होते.

घरी येऊन मास्तरणीला न्हाणीघरात खोक्यात ठेवलं. पेटीतली दाभण काढली आणि सरळ खुराड्याकडे गेले. कोंबड्या ज्या दांडीवर बसतात, तिचं टोक भिंतीच्या खाचेत बसवलेलं. त्या सांध्यात दाभण घातली आणि बाहेर ओढली. टोक लाल झालेलं. माझ्या कोंबड्यांचं रक्त होतं ते. मी तिथेच खाली बसले आणि रडले, मग नाक पुसून दुसऱ्या सांध्यात घातली. तिथेही लाल.

आता ह्यांना सांगायचं होतं. पुढच्या दारी खुर्चीत बसले होते. मी दाभण समोर धरली आणि म्हटलं, किडे तुमच्या सांध्यांत आहेत, खुराडं सगळं उसवावं लागेल.

ह्यांनी दाभणीकडे बघितलंसुद्धा नाही. "माझ्या सांध्यात फट नसते," म्हणाले.

"नाहीच आहे. केसाएवढी जागा आहे. त्यांना तेवढी पुरते."

हे उठले, खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. रात्री जेवले नाहीत. मला वाईट वाटलं नाही असं नाही. त्या हाताने पुन्हा असं काम व्हायचं नाही हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण चार दिवसांवर रविवार आला होता, आणि समजूत काढत बसायला मला वेळ नव्हता.

गुरुवारी सकाळी मी त्यांच्या पेटीतली लाकडी मोगरी उचलली. चौतीस वर्षांत त्यांच्या अवजारांना मी हात लावला नव्हता. बाकीच्या तिघींना टोपलीखाली झाकलं, पदर खोचला आणि खुराड्याच्या कोपऱ्यावर घातले घाव. खुराडं हलेल तर शपथ. दहा घाव, वीस घाव. माझे खांदे भरून आले, घामाने डोळे चुरचुरायला लागले, आणि ते आपलं ढिम्म.

मागून आवाज आला, "तू त्याला ठोकतेयस की गोंजारतेयस?"

मी वळले नाही. आणखी एक घाव घातला.

"अगं, उलट्या बाजूने मारतेयस. आधी पाचर निघते, मग फळी. एवढं चांगलं लाकूड फोडशील. दे इकडे."

हे रागावतील, उपाशी राहतील, पण वाईट काम डोळ्यांसमोर होताना बघू शकत नाहीत. मी मोगरी दिली. त्यांचा हात थरथरत होताच, पण घाव बरोबर पाचरीवर पडत होता. चुकला तर पुन्हा मारायचे. तासाभरात छप्पर उतरलं, मग दांड्या, मग दुहेरी भिंतीची बाहेरची फळी सुटली.

आत राखेसारखा करडा थर होता, आणि तो थर चालत होता.

हे वाकून जवळ गेले. मग हळू आवाजात म्हणाले, "मी ह्यांच्यासाठी तीन महिने घर बांधलं."  मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

त्यानंतर आम्ही दोघांनी जे काम केलं, त्याची फुशारकी मी अजून मारते. मोठी पातेली भरभरून पाणी उकळलं आणि एकेका फळीवर ओतलं. साबण, ब्रश, मग दिवसभर कडक ऊन, मग औषधाचा फवारा. आतली फळी कायमची बाद. खाचा, पाचरी सगळं बाद. ह्यांनी नवीन नकाशा काढला, एकेरी भिंती, बोल्ट आणि नट, मनात आलं की दहा मिनिटांत सगळं सुटं. दांडी नुसती उघड्या खोबणीत टेकवायची, रोज उचलून खाली बघता आलं पाहिजे. हे भोकं पाडायचे, बारीक नट त्यांच्या बोटांत ठरायचे नाहीत, ते मी घट्ट करायची. चारही पाय तेल घातलेल्या डब्यांत उभे केले, म्हणजे खालून चढणाऱ्याने आधी पोहून दाखवावं. आणि अख्खं खुराडं भिंतीपासून लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला.

शनिवारी दुपारी मी खिडकीखालची भिंत उकळत्या पाण्याने धुतली आणि भेगा बुजवल्या. वर बघते तर सून आतून खिडकीच्या चौकटीवर फवारा मारत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा मात्र ताटाकडे बघून जेवायचा आणि कोंबड्यांचा विषय निघाला की उठायचा.

शनिवारी संध्याकाळी तिघी नव्या खुराड्याच्या दारात जरा घुटमळल्या आणि आपल्या पायांनी आत गेल्या. मला हाकलावं लागलं नाही. न्हाणीघरात मास्तरणीने मान वर केली आणि माझ्या तळहातावरचे दाणे टिपले. सात दाणे. मी मोजले.

रविवारी आठच्या ठोक्याला कोंबडीवाला आला, स्कूटरला मागे तारेचा पिंजरा बांधून. हे मागच्या दारी खुराड्यापुढे उभे राहिले, जसा काही दरोडाच पडणार होता. मी पुढचं दार उघडलं. त्याने मुलाचं नाव घेतलं आणि बोलवा म्हणाला.

सून बाहेर आली. "झोपलेत," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. चारला खाजवत उठणारा माणूस. आम्ही पाय न वाजवता जाऊन दारातून डोकावलो. तोंड उघडं, दोन्ही हात दोन बाजूंना फेकलेले, घोरत होता. खाजवत नव्हता. मानेवरचे डागही कोमेजलेले. 

बाहेरून कोंबडीवाल्याने हाक मारली, मला अजून तीन घरं करायचीत म्हणून. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सून पुढे झाली.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "कोंबड्या द्यायच्या नाहीत."

त्याने सांगितलं की बोलणं साहेबांशी झालंय, त्यांनाच विचारा. सुनेने दाराच्या कडीवर हात ठेवला. "त्यांना मी उठवणार नाही. तीन आठवड्यांनी झोपलेत. तुम्ही जा."

रिकामा पिंजरा खडखडवत तो गेला. सुनेचा हात अजून कडीवरच होता. मी तो माझ्या हातात घेतला आणि तिला जवळ ओढलं. चार वर्षांत पहिल्यांदाच, आणि एवढा उशीर झाला ही चूक माझी होती.

साडेनऊला मुलगा मागच्या दारात आला, केस विस्कटलेले, गालावर उशीचे वळ. अंगणात आम्ही तिघंही खुराड्यापुढे उभे. त्याने आमच्याकडे बघितलं, आत दांडीवर बसलेल्या तिघींकडे बघितलं, बाहेर उन्हात आणून ठेवलेल्या खोक्यातल्या मास्तरणीकडे बघितलं.

"तो येऊन गेला?"

"आला आणि गेला," मी म्हटलं. "झोप झाली का तुझी?"

 तो चालत खुराड्याजवळ आला, वाकून सांध्यांवरून बोट फिरवलं आणि ते बोट उजेडात धरून दोन्ही बाजूंनी नीट बघितलं. मग पायरीवर टेकला.

"दुसरा फवारा कधी मारायचाय?"

मी शुक्रवारी म्हणून सांगितलं, सगळं परत सुटं करावं लागेल हेही सांगितलं.

"मी सुट्टी टाकतो," तो म्हणाला. "बाबांना ते बारीक नट जमत नाहीत."

 तिथे थांबले असते तर रडले असते, आणि एवढ्या लवकर तो आनंद मी त्याला देणार नव्हते. मी दाण्यांचा डबा आणायला आत गेले.