गच्चीच्या किल्लीचं वाण

घणसोलीच्या त्या सोसायटीत गच्चीची किल्ली एकच, आणि ती सेक्रेटरी अरविंदरावांच्या खिशात. अरविंदराव दिवसभर बेलापूरच्या ऑफिसात, म्हणजे किल्लीही ऑफिसात. का, तर पोरं पतंगापायी कठड्यावर चढतात. आता बोला!

गेल्या पावसाळ्यात जवळच्या एका कारखान्यातून क्लोरीन सुटला. हा वायू जमिनीलगत बसतो, वर जायचं, एवढं तळमजल्यावरच्या जयमालाला ठाऊक होतं. दम्याच्या सासूबाईंना, गोजराबाईंना, तिने कसेबसे जिने चढवले. वर कुलूप! म्हातारी दाराशी घुसमटत राहिली, आणि जयमाला कुलूप ओढत राहिली. त्या दिवशी निभावलं. पुन्हा निभावेलच असं नव्हतं.

तिने दुसरी किल्ली मागितली. ‘बघू मीटिंगमध्ये’ म्हणत अरविंदरावांनी सहा महिने काढले. मग संक्रांत आली. गच्चीवर हळदीकुंकू करते म्हटल्यावर त्यांनी किल्ली हसत दिली. हळदीकुंकवाला नाही कोण म्हणणार?

बायका स्टीलच्या वाटीच्या आशेने आल्या. हातात पडली गच्चीची नवी घडवून घेतलेली किल्ली आणि रुमाल.

“हे कसलं गं वाण?” वैशालीने नाक मुरडलं.

“वास आला की रुमाल ओला करून नाकाला लावायचा आणि वर यायचं. आमच्या आईंची खुर्ची चौघींनी उचलायची. चला, आत्ताच करून बघू.”

काठापदराच्या साड्या खोचून बायकांनी गोजराबाईंना खुर्चीसकट खालून वर आणलं. हसून हसून पुरेवाट झाली.

संध्याकाळी अरविंदराव तणतणत आले. “वहिनी, सगळ्या किल्ल्या जमा करा. रूल म्हणजे रूल!”

“भाऊजी, दिलेलं वाण परत मागतात होय? एक तुमच्या घरीही गेलंय. स्मितावहिनींकडून आणा, मग बाकीच्या देते.”

ती किल्ली काही आली नाही.

रथसप्तमीच्या आधीच एका दुपारी तोच उग्र वास आला. या वेळी कोणी हसलं नाही, कोणी धावपळही केली नाही. ओले रुमाल नाकाला लागले, खुर्ची उचलली गेली. वर पोचल्यावर जयमालाने सासूबाईंच्या पाठीवर हात ठेवला. श्वास संथ चालला होता.

बातमी कळताच अरविंदराव रिक्षाने आले आणि किल्ली हातात धरून धापा टाकत जिना चढले. दार सताड उघडं होतं. गोजराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कठड्याला धरून त्या उठल्या.

“बस बाबा हितं,” खुर्ची पुढे सारत त्या म्हणाल्या. “दम तुलाच लागलाय.”