बाईंचा राहिलेला बाप्तिस्मा

बाप्तिस्म्याच्या वर्गाला चर्चच्या मंडळीत सगळे 'परीक्षा' म्हणत, आणि तो घेणाऱ्या बाईंना नुसतं 'बाई'. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. आवाज मात्र अजून नोकरीत होता. त्यांचे चाळीस प्रश्न होते. ज्याला बाप्तिस्म्यासाठी पाण्यात उतरायचं असेल त्याने त्यातले छत्तीस तरी बरोबर सांगितले पाहिजेत, हा दंडक त्यांचाच. एकतीस वर्षांत तीन पाळक बदलले, दंडक बदलला नाही. आताचे पाळक चौदाव्या वर्षी बाईंच्या हाताखालून गेलेले. बाई समोरून आल्या की ते अजूनही खिशातले हात बाहेर काढत.

गंमत म्हणजे बाईंचा पहिला धडाच असा होता: तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं मिळतं, विश्वासानं मिळतं, पाण्यानं नाही, कर्मानं नाही आणि पाठांतरानं तर नाहीच. हे वाक्य त्या सगळ्यांकडून तोंडपाठ करून घेत.

तर मंडळीला साठ वर्षं झाली म्हणून एक पुस्तिका काढायची ठरली. त्यात आजवर बाप्तिस्मा घेतलेल्या सगळ्यांची यादी द्यायची होती. यादीचं काम दुसऱ्याच्या हाती गेलं तर नावांची वाट लागेल, या खात्रीनं बाईंनी ते अंगावर घेतलं. कपाटातलं जुनं रजिस्टर काढलं, चष्मा पुसला आणि सरळ स्वतःच्या वर्षाचं पान उघडलं. मोठ्या बहिणीचं नाव होतं. तिच्याखाली एका शिंप्याचं, त्याच्या बायकोचं, मग पुढचं वर्ष.

बाईंनी पान उलटलं, परत मागे घेतलं, बोट लावून एकेक ओळ वाचली. मग तिथूनच बहिणीला फोन लावला.

"ताई, आपला दोघींचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला ना गं?"

"तुझा कुठला?" ताई म्हणाली. "माझा झाला. तू पडलीस."

"पडले म्हणजे?"

"बाप्तिस्म्याच्या कुंडात! नऊ वर्षांची होतीस. मी कशी दिसते ते बघायला काठावरून एवढी वाकलीस की गेलीस डोक्यावर. पाळकांनी मला सोडलं आणि तुला झग्याला धरून वर काढलं. अख्खी मंडळी हसत होती. पुढं वर्षानुवर्षं आई म्हणायची ना, माझ्या दोन्ही मुली एकाच दिवशी पाण्यात गेल्या!"

"ते आई थट्टेनं म्हणायची?"

"मग काय कौतुकानं?" ताईला हसू आवरेना. "अगं, पण तुला माहीत नव्हतं?"

बाईंना आठवत होतं ते सगळं खरंच होतं. पांढरा झगा, थंडगार पाणी, पाठीशी एक भक्कम हात, वरून ऐकू येणारा लोकांचा आवाज. त्या आवाजाला त्या इतकी वर्षं गाणं समजत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाळकांच्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत. सगळं ऐकून पाळकांच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या, पण त्यांनी वेळीच खोकला काढला.

"बाई, जिवाला लावून घेऊ नका. बाप्तिस्मा ही साक्ष आहे. तारण त्याच्या आधीच झालेलं असतं. हे तुम्हीच मला शिकवलंत."

"मी तुम्हाला शिकवलं. मला कोणी शिकवलं?"

"मग येत्या रविवारीच घेऊया. कुंड भरून घेतो."

"परीक्षेशिवाय?" बाई अशा काही ओरडल्या की पाळक खुर्चीतून उठले. "मी वर्गात बसणार. चाळीसच्या चाळीस प्रश्न देणार. लोकांना एक नियम आणि मला दुसरा, हे चालायचं नाही."

त्या वर्षी वर्गात एकच उमेदवार होता, तो म्हणजे मंडळीच्या देवळाच्या गल्लीतला सलूनवाला. बाईंनी त्याला तीनदा नापास केलेलं होतं. माणूस सज्जन, दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंज्या अंथरायचा, आजारी लोकांची दाढी घरी जाऊन करायचा. पण प्रश्न विचारला की उत्तराऐवजी गोष्ट सांगायचा. 'पश्चात्ताप म्हणजे काय?' असं विचारलं तर एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी चुकून उडाल्यावर त्याला काय वाटलं होतं, तिथून सुरुवात. बाई वहीवर शून्य मांडून पुढं जायच्या.

आता तो बाकावर सरकला आणि बाईंना जागा करून दिली.

"या बाई. पहिल्यांदाच का?"

बाईंनी त्याच्याकडे जळजळीत पाहिलं, पण प्रश्न खरा होता. "हो," त्या म्हणाल्या.

तीन शनिवार पाळकांनी वर्ग घेतला. खरं म्हणजे त्यांनी फळ्याजवळ उभं राहायचं आणि बाईंनी बाकावरून दुरुस्त्या सांगायच्या, असं ते चाललं. दुसऱ्या शनिवारी बाईंनी पाळकांना खडू नीट धरायला सांगितला. सलूनवाला मात्र खुशीत होता. बाईंच्या शेजारी बसून त्यांची वही दिसते, असं तो येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता.

चौथ्या शनिवारी दुपारी तोंडी परीक्षा झाली. आधी बाई. एकोणचाळीस उत्तरं त्यांनी एका दमात दिली. पाळकांनी कपाळ पुसलं आणि शेवटचा प्रश्न विचारला.

"तारण म्हणजे काय?"

बाईंनी व्याख्या सांगितली, बायबलातली चार वचनं सांगितली, त्यांचे आकडे सांगितले.

"बरोबर," पाळक म्हणाले. मग जरा घाबरत, पण नेटानं म्हणाले, "हे पुस्तकातलं झालं, बाई. तुमचं सांगा. तुमचं तारण कशावरून?"

असा प्रश्न चाळिसात नव्हता.   आपण मंडळीसाठी काय काय केलं त्याची यादी बाईंच्या जिभेवर आली होती, पण ती म्हणायला लागलो तर पहिल्याच धड्यात आपली दांडी उडते, हे त्यांना तिथल्या तिथं कळलं. 

खोलीत शांतता पसरली. ती सलूनवाल्याला सोसेना. धंद्यामुळे त्याला गप्प डोकं समोर असलं की बोलायची सवय.

"बाई, मी एक विचारू? ते तुम्ही लहानपणी पडलात..."

"तुला कोणी सांगितलं?"

"ताईंनी. ताईंनी सगळ्यांनाच सांगितलंय. तर तेव्हा तुम्हाला पोहता येत होतं?"

"नाही."

"मग वर यायला तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? नाकातोंडात पाणी. हात झाडत होते नुसती."

"म्हणजे काहीच नाही केलंत. तरी वर आलात."

"काढलं म्हणून आले."

"बास," सलूनवाला म्हणाला. "मला तारणाचं एवढंच कळतं बघा. आपण बुडत होतो आणि त्यानं काढलं. पुढचं सगळं तुम्हीच शिकवता तेव्हा कळतं, घरी गेलं की विसरतं."

 बाईंनी घसा साफ केला.

"उत्तर अपुरं आहे," त्या म्हणाल्या. "वचनांचा आधार नाही. पण पास."

"बाई," पाळक हळूच म्हणाले, "परीक्षक मी आहे."

"मग द्या ना पास! बघता काय?"

पाळकांनी दोघांनाही पास केलं, सलूनवाल्याला बाकीचे एकोणचाळीस न विचारताच. बाहेर पडताना बाई दारात थांबल्या.

"तीनदा नापास केलं तुला. चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांना चाळीस उत्तरांपेक्षा जड गेलं.

"छे हो. पहिल्यांदाच पास झालो असतो तर चार वर्षं वर्गात बसायला कुठं मिळालं असतं?"

हे तो चेष्टेनं म्हणाला की मनापासून, ते बाईंना ठरवता आलं नाही.

रविवारी देऊळ गच्च भरलं. परीक्षाबाईंचा बाप्तिस्मा चुकवायला कोणी तयार नव्हतं. त्यांनी नापास केलेले झाडून सगळे पुढच्या रांगेत बसले होते, आणि मध्यभागी ताई. सलूनवाला आधी उतरला, पाण्याखाली गेला आणि दात काढत वर आला. मग पांढऱ्या झग्यातल्या बाई पायरी पायरीनं खाली गेल्या. चष्मा काढलेला, त्यामुळे समोर नुसता धुकट गोतावळा. पाणी कमरेला लागलं आणि नऊ वर्षांची ती पोर एकदम अंगात जागी झाली. बाई खांबासारख्या ताठ झाल्या.

पाळकांनी वचन म्हटलं, पाठीला हात लावला आणि मागे झुकवायला गेले. बाई हलल्या नाहीत. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. किडकिडीत पाळकांच्या हातून बाई वाकतील ही आशा पुढच्या रांगेनं सोडून दिली.

"बाई, गुडघे," पाळक कुजबुजले.

"वाकत नाहीत," बाई कुजबुजल्या. कुजबुजल्या असं त्यांना वाटलं. ऐकलं सगळ्या देवळानं.

पायरीवर निथळत उभा असलेला सलूनवाला तसाच पुन्हा पाण्यात शिरला. त्यानं बाईंच्या मानेखाली तळहात धरला.

"मान सैल सोडा, बाई. तीस वर्षं डोकी धरतोय. अजून एकही पडू दिलेलं नाही."

बाईंनी डोळे मिटले. मान सोडली, मग खांदे, मग गुडघे आपोआपच सुटले. त्या पाण्याखाली गेल्या आणि चार हातांनी वर आल्या. नापासांच्या रांगेतून पहिली टाळी पडली, आणि मग सगळं देऊळच उठलं.

मागच्या खोलीत ताई टॉवेलनं त्यांचे केस खसाखसा पुसत होती. वयानं बहात्तर, पण हात पूर्वीइतकेच धसमुसळे.

"मग? काय वाटलं आत?"

"थंड होतं," बाई म्हणाल्या. "आणि ताई, आत काहीच ऐकू येत नव्हतं गं. माझा आवाजसुद्धा."

"आम्हालाही बरं वाटलं तेवढं," ताई म्हणाली. दोघी हसायला लागल्या. बाई इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ताईनं तेही टॉवेलनंच पुसलं.