हाई

जपानच्या सहलीवरून परत आल्यापासून प्रेमराज एका जागी टिकत नव्हता. शिरपूरच्या शाळेत नवल सरांना 'जपानने मला काय शिकवले' यावर निबंध हवा होता. बाकीच्यांनी शिस्त, स्वच्छता आणि बुलेट ट्रेन लिहून मोकळं केलं. प्रेमराजच्या डोक्यात एकच भुंगा: आपण त्या म्हातारीला नेमकं काय कबूल करून आलो?

झालं असं, की तो ज्यांच्या घरी उतरला होता त्या फुमिको आजींना इंग्रजी येत नव्हतं, आणि प्रेमराजचं इंग्रजी विमानातच संपलं होतं. ताटात हिरवं, बुळबुळीत काही आलं की तो बोट दाखवून घरच्या बोलीत विचारायचा, "हाई?" म्हणजे, हे काय? जपानीत 'हाई' म्हणजे 'हो'. आजी खूश होऊन आणखी वाढायच्या. असं करत त्याने समुद्राचा बराचसा तळ खाल्ला.

निघताना मात्र आजींनी छातीवर हात ठेवून लांबलचक काहीतरी विचारलं. हा गोंधळून म्हणाला, "हाई?" आजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सर, लग्नबिग्न तर ठरलं नसेल?" प्रेमराजने शाळेत सरांना विचारलं.

"नववीत? मला तर किडनीची शंका येते," सर गंभीरपणे म्हणाले. "आजींनाच लिहून विचारतो."

त्या दिवशी प्रेमराज कमरेला हात लावूनच हिंडला.

आजींचं उत्तर आलं. मोबाईलने मराठी करून दिलं: 'मुलगा हो म्हणाला. एप्रिलअखेर मी त्याच्या घरी राहायला येते. मला इतक्या वर्षांत कुणी ये म्हटलं नव्हतं.'

"गैरसमज झाला म्हणून कळवू?" सरांनी विचारलं.

"घरी विचारतो," म्हणत प्रेमराज पळाला. एप्रिलअखेरचं शिरपूर त्याच्या डोळ्यांपुढे भट्टीसारखं पेटलं होतं.

त्याची आई तानुबाई भाकरी थापत होती. सगळं ऐकून तिचा हात थांबला.

"म्हंजे आखाजीले येस ती?"

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, आणि त्यांना घ्यायला माहेरचा मुराळी जातो. तानुबाईपुरता विषय संपला.

"माय, सत्तरनी म्हतारी शे ती!"

"मंग? तिले माहेर नको का? आनि लेक काय एकटी येस? लेवाले कोन जाई?"

प्रेमराज तसाच उलटा सरांकडे धावला.

"सर, गैरसमजाचं राहू द्या. विमान मुंबईला कधी उतरतं, तेवढं विचारा. आईने मला मुराळी नेमलंय."