शेऱ्याचा रकाना

पोलिसांच्या त्या इमारतीतल्या तीन खात्यांत एकाच घरातली तीन माणसं होती, आणि तरी तिन्ही खात्यांचा एकमेकांशी अबोला होता. तळमजल्यावर जुन्या नोंदी सांभाळणारी वहिनी. वर नियंत्रण कक्षात फोन घेणारी तिची नणंद, जिच्यामुळे ती अख्ख्या इमारतीची वहिनी झाली होती. आणि सात नंबरच्या गाडीवर चालक असलेला वहिनीचा नवरा. फोन आला की नणंद खाली विचारायची, वहिनी कपाटातून त्या घराचं कार्ड शोधून वर सांगायची, नणंद ते वायरलेसवर गाडीला कळवायची. तोवर गाडी जाऊन, भांडण मिटवून परत फिरलेली असायची.

आता एक चष्मेवाली इंजिनिअर हे तिन्ही एका माळेत ओवत होती. फोन येताच पत्ता पडद्यावर, शेजारी त्या घराची जुनी नोंद, आणि तेच सगळं गाडीतल्या पडद्यावर. वहिनीलाही कौतुक होतं. पण तिच्या पेन्सिलीला त्या यंत्रात जागा नव्हती.

चोवीस वर्षं ती कार्डांच्या समासात शेरे लिहीत आली होती. पेनने कधीच नाही. "माणूस सुधारतो," ती म्हणायची. "शेरा खोडता आला पाहिजे." 'मागच्या दाराला कुत्रा.' 'बाई ओरडते, पण चूक तिची नसते.' असे चार हजार.

"बाई, छापील रकाने मी घेते," इंजिनिअर म्हणाली. "पण या तर गप्पा झाल्या."

"गप्पाच. पण खातरजमा केलेल्या."

साहेबांनी तोडगा काढला. चाचणीच्या दिवशी शेऱ्याचा रकाना ठेवायचा. दुपारी बारापर्यंत उपयोग दिसला तर राहील, नाहीतर कार्डं रद्दीत.

सहा आठवडे वहिनी मान मोडून टाइप करत बसली. घरी नवरा चिडवायचा, "कादंबरी कुठवर आली?"

"तुमचं प्रकरण कालच झालं," ती म्हणायची. त्याला ती थट्टा वाटायची.

चाचणीच्या सकाळी वहिनी नणंदेच्या खुर्चीमागे उभी राहिली. पहिल्या पाच फोनांत शेऱ्याचं काडीचं काम पडलं नाही. एका शेऱ्यातला कुत्रा तर दोन वर्षांपूर्वीच मेलेला निघाला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, वहिनीने पाहायचं टाळलं.

पावणेबाराला एका म्हाताऱ्याचा आवाज आला. "पडलोय. या."

"कुठे लागलंय, काका? घरात आणखी कोण आहे?"

"पडलोय म्हणतोय ना!"

"अहो, पण कसे पडलात?" नणंद वैतागली, आणि तिची नजर शेऱ्यावर गेली. 'ऐकू येत नाही. प्रश्न विचारत बसू नये, निघावं.' पुढचा प्रश्न तिने गिळला आणि सर्वांत जवळची गाडी सोडली. सात नंबर.

गाडीतला शिपाई पडद्यावरचं मोठ्याने वाचू लागला, वायरलेस चालू ठेवूनच. "जिना बाहेरून, लाकडी. चौथी पायरी कुजकी. सात नंबरचा चालक इथेच आपटला, घरी मात्र कुत्रा आडवा आला असं सांगितलं."

नणंद म्हणाली, "दादा, कुठल्या जातीचा होता रे तो कुत्रा?"

"आधी म्हातारा, मग कुत्रा!"

धापा ऐकू आल्या, "तिसरी... उडी मार," आणि थोड्या वेळाने, "सापडले. मांडीचं हाड गेलंय, पण शिव्या खणखणीत देताहेत." फोनपासून साडेचार मिनिटं. मागून स्ट्रेचर आलं, तेही चौथी पायरी ओलांडूनच वर गेलं. तुम्हाला कसं कळलं, असं स्ट्रेचरवाल्याने विचारलेलं सगळ्यांना ऐकू आलं, आणि नवऱ्याचं उत्तरही.

"आमच्या हिने लिहून ठेवलंय." छाती फुगल्याशिवाय असा आवाज निघत नाही.

साहेबांनी इंजिनिअरच्या कागदावर शेऱ्यापुढे 'कायम' लिहिलं. ती वहिनीकडे वळली. "बाई, रकाना केवढा ठेवू?"

"दोन ओळी. त्याहून लांबला की माणूस खोटं लिहायला लागतो. आणि खोडायची सोय ठेव."

इतक्यात वायरलेस पुन्हा खरखरला. "सात नंबर. शेरा लिहून घ्या, पायरीला सुतार सांगितलाय. आणि ते कुत्र्याचं तेवढं खोडा."

चोवीस वर्षांत नवऱ्याने आपणहून दिलेला हा पहिला शेरा. वहिनीने नणंदेचा हेडफोन कानाला लावला.

"पायरी बसली की पायरीचं खोडीन," ती म्हणाली. "कुत्र्याचं, माणूस सुधारला की."